आजोबांच्या दाखल्यावर कराची आणि मुंबई, दोन्ही कसं?

प्रश्न: ट्रंक आवरताना आजोबांचा १९३४चा मॅट्रिकचा दाखला सापडला. शाळा कराचीची, शिक्का मुंबई विद्यापीठाचा! आजी फक्त "हे बोटीनं आले" एवढंच सांगायची. बाबा म्हणतात, छपाईची चूक असेल.

प्रतिसाद १: चूक कसली? इंग्रजांनी १८४३ला सिंध जिंकला, १८४७ला मुंबई इलाख्याला जोडला. १ एप्रिल १९३६ला वेगळा प्रांत झाला, तरी मॅट्रिक मुंबईचीच राहिली. सिंध विद्यापीठ निघालं थेट १९४७ला. फाळणीआधी कराचीहून मुंबईला बोटीनं येणं नेहमीचंच होतं.

प्रतिसाद २: शाळेचं नाव 'नारायण जगन्नाथ' आहे का बघा. १८५५ची सरकारी शाळा. नारायण जगन्नाथ वैद्य शिक्षणखात्यातले मराठी अधिकारी. सिंधी भाषेतल्या शिक्षणासाठी राबले. कराचीतल्या कित्येक रस्त्यांची नावं बदलली, पण या शाळेचं नाव अजून तेच आहे. (आपल्याकडे किती जणांना ठाऊक असेल, देव जाणे.)

प्रश्नकर्ता: शाई उडालीय, पण 'एन. जे.' वाचता येतंय! बाबांना फोन केला. जरा वेळ गप्पच होते. मग म्हणाले, "अण्णा चिडले की काहीतरी वेगळंच बोलायचे. आम्हाला वाटायचं, कच्छी असेल."