केनेडी स्पेस सेंटर एका दिवसात : आधी बस की आधी ॲटलांटिस?

मंडळी, मदत हवी आहे. जुलैत आम्ही ऑरलँडोला असू. त्यातला एक दिवस नासाच्या केनेडी स्पेस सेंटरसाठी राखलाय. सोबत सासरे (सत्तरी ओलांडलेली, गुडघे कुरकुरतात, पण अपोलो चांद्रमोहिमांच्या बातम्या रेडिओवर ऐकलेल्या, त्यामुळे उत्साह सगळ्यांत जास्त) आणि नऊ वर्षांची लेक.

गाडीने तासाभराचा रस्ता, दारं उघडताना पोचायचं, इथवर एकमत आहे. घोळ पुढच्या क्रमाचा. त्या मोहिमांचं ३६३ फुटी रॉकेट, सॅटर्न-५, मुख्य आवारात नाही, तिकडे त्यांच्याच बसने जावं लागतं (बस तिकिटातच येते). नवरा म्हणतो, ते शेवटी. मी म्हणते, आधी. फ्लोरिडात जुलैच्या दुपारी विजांचा पाऊस ठरलेलाच, तेव्हा छताखाली ॲटलांटिस बघू. ३३ मोहिमा करून २०११ला निवृत्त झालेलं ते स्पेस शटल (अंतराळयान) ४३.२१ अंशांत तिरकं मांडलंय. उलट मोजणीचे आकडे! तिथे मला घाई नकोय.

दोन शंका आणखी. शटल लाँच एक्सपिरियन्स (उड्डाणाचा आभास देणारी राइड) सासऱ्यांना झेपेल का? आणि ॲटलांटिसच्याच इमारतीत चॅलेंजर आणि कोलंबिया या शटलांच्या अपघातांत गेलेल्या अंतराळवीरांचं स्मृतिदालन आहे. सासऱ्यांना कल्पना चावलासाठी तिथे जायचंच आहे. लेकीला न्यावं का?

प्रतिसाद :
ताई, बस आधीच घ्या. उशिरा निघालात तर परतीच्या बसच्या वेळेकडे बघत सॅटर्न पाहावा लागेल. तिथे अपोलो-८च्या उड्डाणाचा नियंत्रण कक्ष उभा केलाय, काका तिथून लवकर हलणार नाहीत. त्या दिवशी एखादं उड्डाण नाही ना, तेवढं आधी बघा, बसचे मार्ग बदलतात.

लाँच एक्सपिरियन्समध्ये खुर्ची पार मागे कलते, हादरेही बसतात. काकांना नकोच. व्हीलचेअर मात्र घ्या, ते नको म्हणाले तरी. आवार मोठं आहे.

स्मृतिदालनात अंतराळवीरांच्या वस्तू आहेत, चॅलेंजरच्या सांगाड्याचा तुकडा आहे, कोलंबियाच्या खिडक्यांच्या चौकटी आहेत. भीतीदायक काही नाही, पण मोठी माणसंही तिथे गप्प होतात. लेकीला आधी सांगून ठेवा आणि तिला नको असेल तर तेवढा वेळ एकाने तिला शटलच्या घसरगुंडीवर न्या. कल्पनाचं नाव बाहेर काळ्या ग्रॅनाइटच्या स्मारकावरही आहे, ते पाऊस यायच्या आत बघा.