मर्लिनचं मीटिअर करताना नेमकं काय काय बदललं?

कृष्णाकाठ (सांगली):
कॉलेजच्या प्रदर्शनासाठी दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश क्रॉमवेल रणगाड्याच्या मीटिअर इंजिनाचं कट-सेक्शन मॉडेल करतोय. ज्या मर्लिन इंजिनावरून ते बनवलं ते विमानात हजारावर एचपी देत होतं, मग इथे 600च का? नुसता सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप) काढला, की आणखी काही? आणि अमेरिकन शर्मन रणगाड्याचं गोल इंजिन स्टार्टर मारायच्या आधी हाताने का फिरवायचे?

अजिंक्यतारा:
सुपरचार्जर लागतो तो वरच्या विरळ हवेत. जमिनीवर बूस्ट (हवेचा हा जादा दाब) ठेवला असता तर 100 ऑक्टेनचं पेट्रोल लागलं असतं, आणि ते विमानांसाठी राखलेलं. ट्रकांचं कमी ऑक्टेनचं पूल पेट्रोल घातलं की नॉकिंग (इंधनाचा अवेळी भडका) होऊन पिस्टन गेलाच म्हणून समजा. बोअर 5.4 इंच, स्ट्रोक 6 इंच, 27 लिटर हे सगळं तेच. आरपीएम 3000 वरून 2550. लोड कमी झाला म्हणून फोर्ज्डऐवजी ओतीव पिस्टन चालले. विमानासाठी नापास झालेले मर्लिनचे सुटे भागही त्यात खपले. प्रोपेलरचा रिडक्शन गिअर काढला आणि रणगाड्याच्या गिअरबॉक्सला जुळावी म्हणून फिरण्याची दिशा उलटी केली. मॉडेलवर बाण काढताना हे हमखास चुकतं.

600 म्हणजे कमी नव्हेच. आधीच्या ब्रिटिश रणगाड्यांतलं लिबर्टी इंजिन तितक्याच लिटरचं, पण 340 एचपीचं. उसाच्या दोन ट्रॉल्या चढावर ओढणाऱ्या ट्रॅक्टरसारखं आहे हे, काम होतं ते टॉर्कवर, म्हणजे फिरवण्याच्या जोरावर.

मिरज जंक्शन:
खरं काम इंजिनाच्या बाहेर आहे, ते मॉडेलमध्ये दाखवा. विमानात प्रोपेलरच फ्लायव्हीलचं काम करतो. इथे फ्लायव्हील आणि क्लच वेगळे द्यावे लागतात. विमानाच्या रेडिएटरला वेगामुळे वारा आयता मिळतो, रणगाड्यात पंखे लावायचे आणि त्यांची ताकद इंजिनातूनच काढायची. लिबर्टीवाला क्रुसेडर रणगाडा वाळवंटात अडला तो इथेच: पाण्याचा पंप गळायचा, पंख्याची चेन झिजायची, एअर क्लीनर मागच्या मडगार्डवर उघड्यावर, म्हणजे सगळी धूळ त्याच्याच तोंडात. इंजिन कितीही भारी असो, सिलिंडरमध्ये वाळू गेली की रिंगा संपल्या.

वाळवा वर्कशॉप:
गोल इंजिनाचं सांगतो. शर्मनचं आर-975, गोलाकार मांडलेले नऊ सिलिंडर, एअर-कूल्ड. उभं राहिलं की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचतं. तेल दाबलं जात नाही. तसाच स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून इग्निशन बंद ठेवून हँडलने सावकाश फिरवायचं, क्रँकचे निदान दोन पूर्ण फेरे. मध्येच अडलं तर जोर लावू नका, खालच्या सिलिंडरांचे प्लग काढून तेल गळू द्या. उलटं फिरवून मोकळं करायला जाल तर तेल इनटेक पाइपात चढतं आणि इंजिन सुरू होताच परत आत येतं.

शर्मन एवढा उंच दिसतो त्यातही याचा हात आहे. क्रँक इंजिनाच्या मधोमध, त्यामुळे पुढच्या गिअरबॉक्सकडे जाणारा शाफ्ट जमिनीपासून बराच वर येतो.

कृष्णाकाठ (सांगली):
मग मीटिअरच्या 12 सिलिंडरांवर प्लग किती दाखवू, 12 की 24?

अजिंक्यतारा:
24. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि पूर्ण इंजिनाला दोन मॅग्नेटो (प्लगना ठिणगीसाठी वीज देणारे), ही विमानातली जोडी तशीच ठेवली होती.