परिक्रमा आणि मनातला वाद

‘मन थाऱ्यावर नसेल तर सरळ नर्मदा परिक्रमेला निघावे’, या सल्ल्याशी मी निम्माच सहमत आहे. सुमारे १३१२ किलोमीटर लांबीची नदी कुठेही न ओलांडता, सतत उजव्या हाताला ठेवून दोन्ही काठांनी चालायचे, चातुर्मासात मुक्काम करायचा आणि शास्त्रोक्त परिक्रमेला तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवस द्यायचे, या शिस्तीत पळून जाणाऱ्याची सोय फारशी नाही. (गाडीने पंधरवड्यात उरकणाऱ्यांची गोष्ट वेगळी.)

घराच्या वाटणीवरून धाकट्या भावाशी अबोला धरून मी ओंकारेश्वरहून दक्षिण तटाने निघालो, तेव्हा सदावर्तातल्या डाळ-तांदळाची खिचडी ओल्या लाकडांवर शिजवताना, धुराने डोळे चुरचुरत असतानाही, माझा त्याच्याशी मनातल्या मनात वाद चालूच असे. दिवसभर बोलायला कोणी नसल्यामुळे तो उलट अधिकच रंगे, आणि त्यात माझीच बाजू लंगडी असल्याचे हळूहळू माझ्या लक्षात येऊ लागले. बाराव्या दिवशी एका आश्रमातून मी त्याला फोन केला. घरी असताना त्यासाठी फक्त एक जिना उतरावा लागला असता.