पांढऱ्या गाडीवर नारिंगी ठिपके आलेत, कोणाला अनुभव आहे का?

(सोसायटीचा ग्रुप, घणसोली. दसऱ्याच्या आधीचा रविवार.)

सी-४०३, सकाळी ८:१२
नमस्कार. पाडव्याला घेतलेली माझी पांढरी गाडी सगळ्यांनी पाहिली आहे (पेढेही खाल्ले आहेत). तिच्या बॉनेटवर आणि मागच्या दारावर नारिंगी ठिपके दिसायला लागलेत. खसखशीएवढे, पण शेकड्यांनी. काल एका वर्कशॉपला दाखवली तर म्हणाले, पत्रा गंजायला लागलाय, तीन पॅनल रंगवावी लागतील, अठरा हजार. सहा महिन्यांत गाडी गंजते का हो?

सी-७०१, ८:१५
म्हणूनच मी घेतल्या घेतल्या सिरॅमिक कोटिंग (रंगावरचा संरक्षक थर) करून टाकलं. डोक्याला ताप नाही.

अण्णा (बी-२०१), ८:२१
रॉकेलचं फडकं मार. माझ्या पद्मिनी गाडीला दर रविवारी मारायचो. तोंड दिसायचं बॉनेटमध्ये.

ए-३०४, ८:२२
अण्णा, रॉकेल मिळतं कुठे आता 😄

सेक्रेटरी, ८:२४
आज टाकी सफाई. ११ ते २ पाणी बंद. सर्वांनी नोंद घ्यावी.

काका (ए-१००२), ८:४०
रंगवायला अजिबात देऊ नकोस. गाडी कुठे लावतेस? रुळांकडच्या भिंतीला का?

सी-४०३, ८:४१
हो काका. ४१ नंबर. भिंतीला खेटूनच.

काका (ए-१००२), ८:४१
मग तो गंज तुझ्या गाडीचा नाही. लोकलचा आहे.

सी-७०१, ८:४२
😂😂

काका (ए-१००२), ८:५५
हसू नकोस रे, रंगाच्या कंपनीच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं काढलीत. चाक रुळावर घासतं, ब्रेक लागतात, त्यातून लोखंडाची पिठासारखी भुकटी उडते. ती वाऱ्याने येऊन गाडीवर बसते आणि रंगाच्या वरच्या थरात टोचली जाते. रुळांपलीकडे एमआयडीसी आहे, तिथल्या ग्राइंडरचीही भर. शिवाय आपल्याच गाडीच्या ब्रेक डिस्क झिजतात, त्याही बिडाच्या. पावसाळ्यात हे कण गंजतात आणि आजूबाजूला नारिंगी डाग पडतो. पांढऱ्या गाडीवर दिसतो, राखाडीवर दिसत नाही, एवढाच फरक. ४० नंबरच्या गाडीवरही असणारच.
खरा गंज आतून येतो. आधी रंग फुगतो, फोड येतो, मग पापुद्रा सुटतो. तुझ्या ठिपक्यांवर नख फिरव. फोड लागतोय का?

सी-४०३, ९:०३
खाली जाऊन आले. फोड नाही. पण बारीक रवा लागतो हाताला.

काका (ए-१००२), ९:०५
तोच. गाडी धुतल्यावर हातात भाजीची पातळ पिशवी घालून बॉनेटवर फिरवून बघ, नुसत्या हाताला कळत नाही ते पिशवीतून कळतं. पॉलिश पेपरवर हात फिरवल्यासारखं वाटेल.

ए-३०४, ९:१०
पण काका, आमची गाडी तर तो मुलगा रोज पुसतो. तरी निस्तेज का दिसते?

काका (ए-१००२), ९:१२
रोज पुसतो म्हणूनच.

काका (ए-१००२), ९:२४
आज रात्री मोबाइलची बॅटरी लावून बॉनेटवर धरा. उजेडाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसतील. ते कोणी किल्लीने मारलेले नाहीत. कोरड्या धुळीवरून फडकं फिरलं की एकेक कण ओरखडा काढत जातो. आताच्या गाड्यांत रंगाच्या वर पारदर्शक लाखेचा थर असतो, त्याला क्लिअर कोट म्हणतात. जाडी साधारण ४० मायक्रॉन. आपला केस ७०च्या आसपास धरा, म्हणजे केसापेक्षाही पातळ. सगळी चकाकी त्या थरात आणि आपण रोज सकाळी तो घासतो.

अण्णा (बी-२०१), ९:३१
पद्मिनीचं फडकं निळं व्हायचं. मला वाटायचं धूळ निघतेय.

काका (ए-१००२), ९:३३
अण्णा, तो रंगच निघत होता. तेव्हा वर लाखेचा थर नव्हता, नुसता रंग. रॉकेलच्या तेलकटपणामुळे तासभर चमकायची, मग त्यावरच धूळ चिकटायची.

अण्णा (बी-२०१), ९:३४
शेवटी शेवटी कडांना प्रायमर दिसायला लागला होता खरा.

सी-७०१, ९:४०
सिरॅमिक असेल तर ओरखडे नाही पडत ना?

काका (ए-१००२), ९:४२
पडतात. त्याने पाणी आणि घाण चिकटत नाही, ते चांगलंच आहे. पण वाळूने घासलंस तर तोही थर काही ढाल नाही.

सी-७०१, ९:५८
आत्ताच बेसमेंटमध्ये जाऊन बॅटरी धरली. बघायला नको होतं.

बी-५०२, १०:०२
एक मिनिट. गाडी पुसणाऱ्याच्या नावाने सगळे बोलताय म्हणून सांगतो. तो पहाटे साडेचारला येतो, बत्तीस गाड्या करतो. नळ एकच, तोही गेटपाशी. एका बादलीत आठ-दहा गाड्या. दुसरा नळ द्या म्हणून त्याने मार्चमध्येच सांगितलंय, वॉचमनच्या रजिस्टरमध्ये लिहिलेलं आहे.

काका (ए-१००२), १०:०४
बरोबर आहे. चूक त्याची नाही. दहाव्या गाडीला नऊ गाड्यांची माती लागणारच.

सेक्रेटरी, १०:०९
पाइप लावून गाडी धुण्यास मनाई आहे याची पुन्हा आठवण.

काका (ए-१००२), १०:११
पाइप नकोच. दोन बादल्यांत होतं, तीस लिटर. पाइपने तेवढं पाणी दोन-तीन मिनिटांत जातं.

सी-४०३, १०:१३
काका, मी आजच करते सगळं. सांगा ना नीट. ११ला पाणी जाणार आहे.

काका (ए-१००२), १०:२८
चार बादल्या भरून ठेव आणि दुपारनंतर कर. पोडियमवर उन्हात नाही, बेसमेंटमध्ये. पत्रा हाताला गार लागला पाहिजे.
आधी मगाने वरून साधं पाणी सोड, धूळ आपोआप वाहून जाऊ दे. मग एका बादलीत कार शाम्पू, दुसऱ्यात नुसतं पाणी. हातमोजा किंवा मायक्रोफायबर शाम्पूत बुडवायचा, एक भाग पुसायचा, नुसत्या पाण्यात खळबळून पिळायचा, मगच परत शाम्पूत. टपापासून खाली यायचं. दारांची खालची पट्टी सगळ्यात शेवटी, तिथे चिखल असतो. चाकांचं फडकं वेगळं. भांड्यांचा साबण आज चालेल, कारण जुनं वॅक्स असेल तर निघायलाच हवंय. पण रोजची सवय लावू नकोस.
मग आयर्न रिमूव्हर, म्हणजे लोखंडाचे कण काढायचं द्रावण, फवार. लोखंड असेल तिथे जांभळे ओघळ येतील. घाबरू नकोस, पण वाळूही देऊ नकोस. चार-पाच मिनिटांत भरपूर पाण्याने धुऊन टाक. हातमोजे घाल. वास घाण येतो, सडक्या अंड्याचा. त्यात थायोग्लायकोलेट असतं.

ए-३०४, १०:३०
म्हणजे केस काढायच्या क्रीमचा वास!

काका (ए-१००२), १०:३१
वहिनी, अगदी तेच रसायन 🙏

काका (ए-१००२), १०:४३
जे त्याने निघणार नाही त्यासाठी क्ले बार. कणकेसारखा मऊ गोळा असतो. पेढ्याएवढा तोडून चपटा कर. पत्रा शाम्पूच्या पाण्याने बुळबुळीत करून त्यावर सरळ रेषेत हलकेच फिरव. जोर लावायचा नाही, गोल फिरवायचं नाही. आधी खर्रखर्र लागेल, मग गोळा एकदम घसरायला लागेल. तिथे थांब. गोळा मळला की घडी घालून आतली स्वच्छ बाजू वर घे. आणि जमिनीवर पडला तर फेकून दे. पैशाकडे बघू नकोस, त्याला चिकटलेली वाळू पूर्ण बॉनेट ओरबाडेल.

सी-७०१, १०:४५
आणि मग पॉलिश?

काका (ए-१००२), १०:५०
इथेच सगळे गोंधळतात. पॉलिश आणि रबिंग कंपाउंड म्हणजे खरवडणं, त्याने थर कमी होतो. वॅक्स म्हणजे लेप, तो वर बसतो. सहा महिन्यांच्या गाडीला खरवडायची गरज नाही. कार्नोबा वॅक्स घे. ब्राझीलमधल्या एका ताडासारख्या झाडाच्या पानांवरचं मेण आहे ते. इतर मेणांपेक्षा कडक, वितळायला ८० अंशांच्या वर जावं लागतं. बोटावर घेतल्याएवढंच घे, भाकरीला तूप लावतो तसं पातळ. जाड लावलं म्हणून जास्त टिकत नाही, फक्त पुसताना हात दुखतात. धुरकट झालं की स्वच्छ फडक्याने उचल. काळ्या प्लास्टिकला आणि काचेला लावू नकोस.
दोन-तीन महिने टिकेल. बॉनेटवर पाण्याचे गोल थेंब उभे राहायचे थांबले, पाणी पसरायला लागलं की वॅक्स संपलं समज.

ए-३०४, ११:०५
आणि दसऱ्याच्या कुंकवाचं काय? गेल्या वर्षीच्या स्वस्तिकाची एक शेपटी अजून आहे बॉनेटवर.

काका (ए-१००२), ११:१२
पूजेच्या आधी वॅक्स करा, मग कुंकू थरावर बसेल, थरासकट निघेल. पाण्यात कालवून रात्रभर ठेवू नका, संध्याकाळी ओल्या फडक्याने उचलून घ्या. हळदीचा डाग उन्हाने आपोआप उडतो. आणि हार तारेत ओवलेला घेऊ नका. झेंडू काही करत नाही, तार ओरखडते.
तुमची गाडी गेटच्या आंब्याखाली असते ना? मोहराच्या दिवसांत वर तो चिकटा पडतो. तो आणि पक्ष्यांची घाण त्याच दिवशी ओलं फडकं पाच मिनिटं वर ठेवून उचलायची. उन्हात तापलेल्या लाखेवर विष्ठा वाळली की खड्डा पडतो, तो वॅक्सने भरत नाही.

सी-४०३, संध्याकाळी ६:४८
📷📷📷
झालं!! बॉनेटवरून जांभळे ओघळ असे आले की वॉचमन धावत आला, ताई कोणी शाई टाकली का म्हणून. वासाने मांजरसुद्धा पळाली. आकाशी गोळा शेवटी चहाच्या रंगाचा झाला. एकदा हातातून पडला, अर्धा फेकून दिला काका, तुमचं ऐकून. आता पिशवी घालून हात फिरवला तर हात थांबतच नाही. ठिपके गेले. साडेतेराशे खर्च.
एक चूक झाली. आरशाखालच्या काळ्या पट्टीला वॅक्स लागलं, पांढरं फटक दिसतंय.

काका (ए-१००२), ६:५५
जुना टूथब्रश आणि शाम्पूचं पाणी. दोन-तीनदा घास, निघेल. पुढच्या वेळी चिकटपट्टी लाव.

अण्णा (बी-२०१), ६:५८
छान दिसतेय पोरी. तोंड दिसतंय का?

सी-४०३, ६:५९
अण्णा, पाइपलाइन, ट्यूबलाइट, सगळं दिसतंय 😄

सेक्रेटरी, ७:२०
रजिस्टर पाहिलं. नोंद १४ मार्चची आहे. बेसमेंटमध्ये भिंतीकडे दुसरा नळ काढायला प्लंबरला सांगितलं आहे, सोमवारी येईल. तोवर ज्यांना शक्य आहे त्यांनी आपापल्या गाडीची दोन फडकी गाडीपाशी ठेवावीत.

बी-५०२, ७:२२
🙏 त्याला पहाटे सांगतो.

बी-१००४, ९:३७
४० नंबर माझी. पिशवी घालून बघितलं. ताई, तो गोळा उरलाय का?

सी-४०३, ९:३८
अर्धा आहे. न पडलेला.