कागद सरकार देईल, शेजार कोण देणार? (निर्वासित आणि धर्मसंस्था)

वाटसरू (धागालेखक):

परवा एका मित्राशी चांगलंच वाजलं. त्याचं म्हणणं, निर्वासितांना सामावून घेणं हे निव्वळ सरकारचं काम. चर्च, मशीद, सिनेगॉग, गुरुद्वारा यांनी त्यात नाक खुपसलं की एक तर धर्मांतर होतं, नाहीतर राजकारण. मला पटत नाही. का ते लिहितो, मग खुशाल झोडपा.

नव्या देशात उतरलेल्या कुटुंबाला सरकार काय देतं? ओळखपत्र, काही महिन्यांचा भत्ता, भाषेचा वर्ग. पण मुलांच्या शाळेच्या फॉर्मवर एक रकाना असतो: ‘तातडीच्या वेळी आईवडिलांखेरीज कोणाला कळवायचं?’ तो कुठलंच मंत्रालय भरून देत नाही. तिथे माणसाचं नाव लागतं.

धर्मसंस्थांकडे ही माणसं आयती असतात. श्रद्धा घटकाभर बाजूला ठेवा. दर आठवड्याला ठरलेल्या वेळी भेटणारी, एकमेकांना नावाने ओळखणारी शंभर-दोनशे माणसं. त्यात एखादी निवृत्त नर्स, एखाद्याची गाडी दुपारी रिकामी, एखाद्याच्या ओळखीत घरमालक. मोठ्या शहरात असा गोतावळा दुसरीकडे कुठे सापडतो?

कॅनडात हे चाळीस-पंचेचाळीस वर्षं चाललंय. मार्च १९७९ मध्ये मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या सेंट्रल कमिटीने निर्वासितांची जबाबदारी घेण्याचा पहिला करार सरकारशी केला. १९७९-८० मध्ये व्हिएतनाम, लाओस आणि कंबोडियातून ६०,००० लोक तिथे आले आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांना चर्चच्या आणि नागरिकांच्या अशा गटांनी सांभाळलं. मेनोनाइटच का पुढे आले? कारण १९२० च्या दशकात सोव्हिएत रशियातून सुमारे २०,००० मेनोनाइट स्वतःच जीव मुठीत धरून कॅनडात आले होते. घरात आजीनेच ती गोष्ट सांगितलेली असली की दारातला माणूस तितका परका वाटत नाही.

शंकेखोर:

धागा छान, पण आजीच्या गोष्टीवर धोरण ठरत नसतं.

माझा पहिला मुद्दा. सरकारवर निदान कागदोपत्री तरी सगळ्यांना एका मापाने मोजायचं बंधन असतं. धर्मसंस्थेवर ते कोण घालणार? तिने ‘आम्ही आमचेच घेऊ’ म्हटलं तर? हे हवेतलं बोलत नाही. २०१५ मध्ये स्लोव्हाकियाच्या सरकारने उघड सांगितलं होतं की आम्हाला ख्रिस्ती निर्वासित चालतील, मुसलमान नकोत. सरकारं अशी वागतात, तर ज्यांचा पायाच एका धर्मावर आहे त्यांच्याकडून तुम्ही कसली अपेक्षा करताय?

दुसरं म्हणजे आकडा. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाच्या हिशेबाने २०२४ च्या अखेरीस जगात १२.३२ कोटी माणसं बळजबरीने विस्थापित झालेली होती. त्यापैकी परदेशात आश्रय घ्यावा लागलेल्यांतले ७३ टक्के गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. तुमच्या दोनशे माणसांच्या मंडळीने एक कुटुंब घेतलं की फोटो निघतो, आणि बाकीच्या कोट्यवधींबद्दल विचारलं की सरकार त्याच फोटोकडे बोट दाखवतं.

आणि तिसरं, म्हणजे खरं दुखणं. हक्क म्हणून मिळालेल्या घराबद्दल कोणाचे आभार मानावे लागत नाहीत. दयेने मिळालेल्या घराबद्दल ते रोज मानावे लागतात.

माजघर:

+१ शंकेखोर. शेवटच्या वाक्यासाठी.

पारावरची:

मला गंमत वाटते ती ही की हा वाद आपल्याकडे समुद्रकिनारी कधीच होऊन गेलाय. विभीषण आला तेव्हा सुग्रीव काय म्हणाला? हा शत्रूचा भाऊ, हेर असणार, याला घेऊ नका. म्हणजे सुरक्षेचा मुद्दा तेव्हाही होता आणि तो मूर्खपणाचा नव्हता. हनुमानाने उलट बाजू मांडली. शरण आलेल्याला अभय हे माझं व्रत, असं म्हणून रामाने निकाल दिला. पण आधी सगळ्यांचं ऐकून घेतलं, सुग्रीवाला गप्प बसवलं नाही. हल्ली दोन्ही बाजूंना नेमकं तेच जमत नाही.

शंकेखोर:

@पारावरची, आणि विभीषणाने पुढे लंकेची सगळी माहिती पुरवली. मोबदल्याशिवाय आश्रय नाही, हेच म्हणतोय मी. :)

पारावरची:

ते आत घेतल्यानंतर. अट म्हणून नाही. हा फरक लहान नाही.

खिडकीपाशी:

मी कॅनडात असताना अशा एका गटात होते. मी ख्रिस्ती नाही. शेजारीण तिथल्या चर्चच्या मंडळीत होती, तिने ओढलं. एक आईवडील, तीन मुलं. एक वर्षभर भाडं, कपडे, दवाखाना, शाळा, सगळी जबाबदारी गटाची. यादी करून कामं वाटून घेतली होती. माझ्याकडे बँक आणि बसचा पास.

कुटुंब मुसलमान होतं. तरी घरातला पुरुष दर रविवारी उपासनेला यायचा. एकटाच, शेवटच्या ओळीत, कोट घालून. गाणी सुरू झाली की उठायचा, बाकीचे बसले की बसायचा. आमच्यातल्या काहींना फार भरून यायचं. पाळकबाईंना (म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना) मात्र काहीतरी खटकत होतं. चौथ्या महिन्यात त्यांनी दुभाष्याला फोनवर घेऊन सहज विचारलं, तुम्हाला इथे बरं वाटतं ना? तो जरा घुटमळला आणि म्हणाला, “अजून किती आठवडे यावं लागेल?”

त्याची समजूत अशी होती की घर टिकवायचं तर हजेरी लावावी लागते. कोणी तसं सांगितलं नव्हतं. पण कोणी नाही म्हणूनही सांगितलं नव्हतं.

पुढल्याच आठवड्यात त्यांच्या भाषेत एक पानभर मजकूर लिहून घेतला: उपासनेला येण्याचा आणि मदतीचा काही संबंध नाही, मदत अमुक तारखेपर्यंत नक्की आहे, आमच्यापैकी कोणाशी पटलं नाही तर तक्रार इथे करा. तक्रारीचा नंबर मुद्दाम मंडळीबाहेरच्या माणसाचा दिला. ते पान फ्रिजवर लागलं आणि रविवारचं येणं बंद झालं. मग गटातले दोघं नाराज झाले आणि हळूहळू यायचे थांबले. तेव्हा शंकेखोर, तुमचा तिसरा मुद्दा मला मान्य आहे, पण माझा निष्कर्ष वेगळा आहे. दोघं गेले, उरलेल्या नऊ जणांनी वर्ष पुरं केलं.

शंकेखोर:

प्रामाणिक प्रतिसाद. पण बघा, पाळकबाईंना खटकलं म्हणून हे बाहेर आलं. दुसऱ्या कोणाला खटकलं नसतं तर? व्यवस्था अशी एखाद्याच्या नाकावर अवलंबून असू नये.

आणि ही झाली नकळत घेतलेली हजेरी. युरोपात दुसराच प्रकार चालतो. धर्म बदलल्यामुळे मायदेशी जिवाला धोका आहे, या आधारावर आश्रय मागता येतो. मग बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा जलविधी) खरा की अर्जापुरता हे ठरवायला अधिकारी बायबलवर प्रश्न विचारत बसतात. ब्रिटनमध्ये २०२४ मध्ये यावरून इतका गदारोळ झाला की चर्चच्या प्रतिनिधींना संसदीय समितीसमोर उत्तरं द्यावी लागली. माणसाच्या श्रद्धेची तोंडी परीक्षा! यात धर्माचीही शोभा आणि कायद्याचीही.

वाटसरू:

बाप्तिस्म्याचा घोळ मान्य. पण तो प्रश्न तयार केला कायद्याने. चर्चने पाण्याचं भांडं बंद केलं तरी तो सुटणार नाही.

‘आमचेच घेऊ’ला मात्र उत्तर आहे. इटलीत सान्त एजिदियो हा कॅथलिक समूह, प्रॉटेस्टंट चर्चेसचा महासंघ आणि वाल्देन्सियन चर्च यांनी डिसेंबर २०१५ मध्ये सरकारशी करार केला. लेबनॉनमधल्या छावण्यांतून आजारी माणसं, एकट्या बायका, लहान मुलं असलेली कुटुंबं निवडायची, सरकारने व्हिसा द्यायचा, विमानाचा आणि पुढचा खर्च चर्चेसनी करायचा. २९ फेब्रुवारी २०१६ ला ९३ सीरियन लोक रोमच्या विमानतळावर उतरले, रबरी बोटीतून नव्हे. निकष धर्म नव्हता, निकड होती. पैशांची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. इटलीत करदाता आपल्या प्राप्तिकरातला हजारी आठ वाटा कोणत्या संस्थेला जावा हे सांगू शकतो. वाल्देन्सियन चर्च तो पैसा उपासनेवर खर्च करत नाही, फक्त सामाजिक आणि सांस्कृतिक कामावर करतं, म्हणून त्या पंथाचे नसलेले लोकही त्यांच्या नावापुढे खूण करतात.

तेव्हा शंकेखोर, बंधन घालता येतं. करारात लिहायचं.

कलम_बहाद्दर:

मी वकील आहे, म्हणून मला वेगळंच खुपतं. मदत करा, हरकत नाही. पण न्यायालयाने ‘परत जा’ म्हटल्यावर चर्चने दार लावून घ्यायचं, हे कुठल्या लोकशाहीत बसतं?

नेदरलँड्समधल्या हेगचं बेथेल चर्च आठवा. डच कायद्याप्रमाणे उपासना चालू असताना पोलिसांना आत शिरता येत नाही. म्हणून एका आर्मेनियन कुटुंबाला वाचवायला २६ ऑक्टोबर २०१८ ला उपासना सुरू केली आणि ती ३० जानेवारी २०१९ पर्यंत थांबवलीच नाही. ९६ दिवस, रात्रंदिवस, पाळक पाळी लावून. युक्ती म्हणून अफलातून! पण उद्या एखाद्या मंडळीने करचुकव्याला असंच आत घेतलं तर?

वाटसरू:

करचुकवा आणि नऊ वर्षं त्या देशात वाढलेली मुलं एका तराजूत?

आणि ‘कायदा मोडला’ म्हणणाऱ्यांनी टुसॉन आठवावं. मार्च १९८२ मध्ये ॲरिझोनातल्या साउथसाइड प्रेस्बिटेरियन चर्चने एल साल्वाडोर आणि ग्वाटेमालातून पळून आलेल्यांना आश्रय देत असल्याचं जाहीर केलं. तिथे मुडदे पडत होते, पण तिथली सरकारं अमेरिकेच्या मर्जीतली, म्हणून १९८४ मध्ये साल्वाडोरच्या शंभरातल्या तिघांनाही अमेरिकेत आश्रय मिळत नव्हता. सरकारने चर्चमध्ये छुपे मायक्रोफोन घेतलेले खबरे पाठवले, खटला भरला, १९८६ मध्ये आठ जण दोषी ठरले. आणि १९९१ मध्ये? चर्चेसनीच केलेल्या दुसऱ्या दाव्यात सरकारने तडजोड करून त्या दोन देशांच्या लोकांचे अर्ज नव्याने ऐकायचं कबूल केलं. कायदा कोण पाळत होतं मग?

कलम_बहाद्दर:

तो दावा न्यायालयात सुटला, गाभाऱ्यात नाही. मुद्दा माझाच झाला. जर्मनीत हे नीट केलंय: २०१५ पासून चर्चने ज्याला ठेवून घेतलंय त्याची फाइल स्थलांतर खात्याकडे द्यायची, खात्याने पुन्हा तपासायची. पाहुणा लपवलेला नसतो, पत्ता सरकारला कळवलेला असतो. माझी हरकत लपवाछपवीला आहे, दयेला नाही.

शंकेखोर:

हेगची अर्धीच गोष्ट सांगितलीत दोघांनी. कुटुंब वाचलं, बरोबर. सत्ताधारी आघाडीत भांडणं होऊन तडजोड झाली आणि तशाच शेकडो मुलांची प्रकरणं पुन्हा उघडली, तेही चांगलं. पण त्याच तडजोडीत काय काय गेलं ते बघा. मंत्र्याचा अपवाद करण्याचा अधिकार काढून घेतला, आणि संयुक्त राष्ट्रांमार्फत दरवर्षी घ्यायच्या निर्वासितांचा आकडा ७५० वरून ५०० वर आणला.

म्हणजे २५० माणसं. कुठल्याशा छावणीत, नाव नाही, चेहरा नाही, त्यांच्यासाठी कोणी ९६ दिवस गायलं नाही. चर्च जे डोळ्यांसमोर आहे त्यालाच पाहतं. सरकारने न दिसणाऱ्यालाही पाहायचं असतं, म्हणून मी पहिल्यापासून कंठशोष करतोय.

खिडकीपाशी:

हे माहीत नव्हतं. रात्रभर डोक्यात राहणार.

वाटसरू:

मलाही नव्हतं. पण २५० कमी करा असं चर्चने सांगितलं नव्हतं. दोन पक्षांनी आपापली मूठ झाकायला तो सौदा केला. तरी मान्य करतो, चर्चला आपल्या विजयाची किंमत कोण मोजतंय हे विचारायला हवं होतं.

डोंगरवाट:

युरोप-अमेरिकाच चाललंय. २०२१ च्या लष्करी उठावानंतर म्यानमारमधून चिन जमातीचे हजारो लोक मिझोराममध्ये आले. केंद्राने सीमेवरच्या राज्यांना पत्र पाठवलं की येऊ देऊ नका. मिझोरामच्या चर्चेसनी आणि यंग मिझो असोसिएशनने लोकवर्गणी काढून त्यांना सांभाळलं आणि राज्य सरकारही त्यांच्याच बाजूने उभं राहिलं. शंकेखोर म्हणतील, ते एकाच वंशाचे, एकाच धर्माचे. असतील. म्हणून पाठवून द्यायचे होते का?

शंकेखोर:

नाही. पण तीच दारं रोहिंग्यांसाठी उघडली असती का, हा प्रश्न तुम्हीही स्वतःला विचारा.

डोंगरवाट:

विचारला. उत्तर आवडलं नाही.

कलम_बहाद्दर:

अवांतर, पण सरकार आणि चर्च यांच्या भागीदारीचं काय होतं ते अमेरिकेत ताजं आहे. निर्वासितांना वसवण्याचं काम तिथे सरकार दहा संस्थांकडून करून घ्यायचं, त्यातल्या बहुतेक धार्मिक. जानेवारी २०२५ मध्ये कार्यक्रमच थांबवला. एप्रिलमध्ये कॅथलिक बिशपांच्या परिषदेने सरकारशी असलेले करार पुढे चालू ठेवणार नसल्याचं सांगितलं. मे महिन्यात एपिस्कोपल चर्चला दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या आफ्रिकानर लोकांना वसवायला सांगितलं, तेव्हा त्यांनी नकार देऊन जवळजवळ चाळीस वर्षांची भागीदारी संपवली. इतर देशांतले मंजूर झालेले लोक ताटकळत असताना यांना पुढे घेता, हे आम्हाला जमणार नाही म्हणाले.

आता सांगा, ही निवड धर्मसंस्थेने केली की सरकारने? एका मापाने कोण मोजत होतं?

शंकेखोर:

इथे मात्र निरुत्तर. पण नकाराने निर्वासितांना घर मिळालं नाही, एवढं नोंदवून ठेवतो.

@खिडकीपाशी, ते तुमचे गृहस्थ आता येतात का कधी मंडळीत?

खिडकीपाशी:

नाही. वर्ष संपल्यावर ते दुसऱ्या भागात राहायला गेले, मीही ते गाव सोडलं. धाकट्या मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर, वाटसरू म्हणतात त्या रकान्यात, अजून माझाच नंबर आहे. तीन वर्षांत शाळेतून एकदाच फोन आला. तोही चुकून, दुसऱ्याच कुठल्या मुलीला ताप होता.