‘भावना आवरा’ हा वर्णभेदावरचा इलाज नव्हे

सायली_क (धागाकर्ती): कालच्या धाग्यावर ‘सडेतोड’ यांनी ठणकावून लिहिलं, “वर्णभेदाने ट्रॉमा (मनावरचा खोल आघात) वगैरे होत नाही. मन खंबीर असलं की टोमणे लागत नाहीत. भावनांवर ताबा ठेवायला शिका.” तिथे दोन ओळींत उत्तर देणं जमलं नसतं, म्हणून हा वेगळा धागा.

ताबा ठेवायला कुणाला शिकवताय? अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय घरात पोरगं गाडी चालवायला लागलं की आईबाप आधी बजावतात: पोलिसाने अडवलं तर दोन्ही हात स्टिअरिंगवर, आवाज चढवायचा नाही, खिशात हात घालायचा तर आधी सांगायचं. ही माणसं जन्मभर ताबाच ठेवत आलीत आणि त्याचा हिशेब शरीर चुकतं करतं. ग्रेगरी मिलर, जीन ब्रॉडी वगैरे संशोधकांनी तिथल्याच जॉर्जिया राज्यातल्या ग्रामीण कृष्णवर्णीय तरुणांवर केलेलं काम 2015 साली आलं. गरीब घरांतल्या ज्या मुलांचा स्वतःवर ताबा चांगला, त्यांच्यात नैराश्य कमी, व्यसनं कमी. पण त्यांच्याच पेशी वयाच्या मानाने लवकर म्हाताऱ्या झालेल्या. वरून सगळं ठीक, आतून झीज.

सडेतोड: ते संशोधन गरिबीचं आहे. सुस्थितीतल्या मुलांमध्ये ताब्याचा फायदाच दिसला, हे सोयीस्कर गाळलंत. आणि डीएसएम-5, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकी पुस्तक, वाचा: पीटीएसडीसाठी (आघातानंतर टिकून राहणारा मानसिक विकार) मृत्यू, गंभीर इजा किंवा लैंगिक हिंसा, यांच्याशी किंवा यांच्या धोक्याशी गाठ पडलेली लागते, स्वतःवर बेतून किंवा डोळ्यांदेखत वगैरे. माझा थोरला भाऊ सीमेवरून परतला तो आजही दाराकडे पाठ करून बसत नाही. त्याच्या रांगेत तुम्ही ऑफिसातला टोमणा आणून बसवता याची मला चीड येते.

मानसी_समुपदेशक: तुमच्या भावाबद्दल पूर्ण आदर. पण पीटीएसडीचं निदान पुस्तकात आलं 1980 साली, आणि तेही व्हिएतनामहून परतलेले सैनिक व त्यांच्या बाजूचे डॉक्टर वर्षानुवर्षं भांडले म्हणून. त्याआधी सैनिकांनाही पुष्कळदा ‘मनाने कच्चा’ ठरवत. तेच वाक्य तुम्ही आज दुसऱ्यांना ऐकवताय.

सडेतोड: म्हणजे उद्या भांडून काहीही आजार ठरेल?

उलटतपासणी: ठरलेलं आहेच! 1851 साली सॅम्युअल कार्टराइट या अमेरिकी डॉक्टरने गुलाम पळून जातो हाच मानसिक आजार असल्याचं छापलं होतं. निदानाची पुस्तकं आकाशातून पडत नाहीत.

सडेतोड: पावणेदोनशे वर्षांपूर्वीचं मढं उकरून माझ्या भावाच्या दुखण्याला उत्तर मिळत नाही. विषय बदलू नका.

मानसी_समुपदेशक: विषय तुम्हीच निदानावर नेलात. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट कार्टर यांनी 2007 मध्ये वर्णभेदाच्या आघाताची मांडणी केली ती ‘इजा’ म्हणून, विकार म्हणून नव्हे. इजा म्हटलं की प्रश्न वळतो इजा करणाऱ्याकडे.

परतीचा_पक्षी: निदान राहू द्या बाजूला. सप्टेंबर 2001 च्या अमेरिकेतल्या हल्ल्यांनंतर मी तिथे न्यू जर्सीत होतो. एका दुकानाबाहेर दोघांनी वाट अडवून पिशवी रिकामी करायला लावली, “तुमच्या देशात जा” म्हणाले. मारलं नाही, म्हणजे तुमच्या पुस्तकात बसत नाही. मी आजही दुकानातून निघताना पावती मुठीत धरतो, गाडीपर्यंत. बायको ओरडते, पण हात सुटत नाही. पुढे थेरपिस्ट म्हणाली, “त्यांचा तसा हेतू नसेल, वेगळ्या नजरेने बघून पाहा.” त्या दिवसानंतर गेलो नाही.

मानसी_समुपदेशक: हीच खरी अडचण आहे! प्रसंगाचा अर्थ बदलून पाहणं हे एरवी चांगलं तंत्र. पण अपमान खरा असताना ते वापरलं की माणूस स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास ठेवायला शिकतो. आणि नुसतं गिळून टाकलं तर चेहरा शांत राहतो, शरीरातला ताण उतरत नाही. 2021 मध्ये मेंदूसंशोधक नेगर फानी यांच्या गटाने आघात सोसलेल्या 55 कृष्णवर्णीय स्त्रियांचे मेंदू तपासले. भेदभाव जास्त सोसलेल्यांमध्ये आघाताची चित्रं पाहताना सावधपणाशी आणि भावना आवरण्याशी निगडित भाग जास्त राबत होते. बाकीचे आघात आणि पीटीएसडीची लक्षणं हिशेबात धरूनही.

सडेतोड: 55 बायका आणि एक सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी बरोबर दिसल्या एवढंच. झालं सिद्ध?

सायली_क: मग मोठं घ्या. 2018, ‘लॅन्सेट’ हे वैद्यकीय नियतकालिक: पोलिसांनी निःशस्त्र कृष्णवर्णीयाला मारल्यावर त्याच राज्यातल्या इतर कृष्णवर्णीयांचं मानसिक आरोग्य पुढचे काही महिने बिघडलेलं दिसलं, गोऱ्यांचं नाही. ज्यांना कुणी हातही लावला नव्हता, त्यांची ही गोष्ट. यात खंबीरपणा कुठे कमी पडला सांगा.

सडेतोड: बरं, बातमीनेही माणूस हलतो, मान्य. पावतीवाल्या गृहस्थांना मी ‘मन खंबीर करा’ म्हणणार नाही. पण पीटीएसडीचा निकष सैल करायला माझा विरोध कायम.

परतीचा_पक्षी: निकष तुमच्याकडेच ठेवा. मला फक्त असा थेरपिस्ट सांगा जो आधी विचारेल, “काय झालं?”

मानसी_समुपदेशक: व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. पहिल्याच भेटीत त्यांना पावतीचं सांगा.