दुसरं करिअर म्हणून नर्सिंग: आधी एडीएन, की सरळ बीएसएन?

मोगरा:
नमस्कार मंडळी. माझी चाळिशी नुकतीच ओलांडली आहे. भारतात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलं आणि इथे अमेरिकेत आल्यापासून सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. गेली काही वर्षं हॉस्पिटलच्या रेकॉर्ड सिस्टीमवर काम आहे. नर्स आधी पेशंटच्या मनगटावरचा बारकोड स्कॅन करते, मग औषधाचा, आणि दोन्ही जुळले तरच पुढे जाता येतं. तो स्क्रीन माझ्याकडे होता. नवीन व्हर्जन सुरू झालं की आम्हाला वॉर्डात नर्सेसबरोबर थांबावं लागतं. तिथे माझं लक्ष स्क्रीनवरून सारखं पेशंटकडे जायचं. एका आजोबांना श्वास घ्यायला जड जातंय हे मॉनिटर वाजायच्या आधीच तिथल्या नर्सने ओळखलं. तिला ते कशावरून कळलं, हे मला शिकायचंय. दुसरं काही आता मनाला पटत नाही.

ग्रीन कार्ड आहे, मुलं शाळेत जातात, नवरा पाठीशी आहे. रस्ते तीन दिसतात: कम्युनिटी कॉलेजचं एडीएन (नर्सिंगची असोसिएट डिग्री), साधारण दोन वर्षांचं, आधीची पदवी असलेल्यांसाठीचं अ‍ॅक्सिलरेटेड बीएसएन (नर्सिंगची बॅचलर्स), 12 ते 18 महिन्यांचं, आणि डायरेक्ट एन्ट्री एमएसएन, म्हणजे आधी नर्स नसतानाही थेट करता येणारं नर्सिंगचं मास्टर्स. हातात बीई असताना पुन्हा असोसिएट डिग्री घ्यायची म्हणजे एक पायरी खाली उतरणं आहे का? शिवाय बायॉलॉजीचा आणि माझा संबंध शाळेतच संपला.

कवठीचाफा:
मी सध्या अ‍ॅक्सिलरेटेड बीएसएन करते आहे, म्हणून तेवढंच सांगते. जाहिरातीतले 12 ते 18 महिने प्रीरेक्विझिट, म्हणजे प्रवेशाआधी पूर्ण करायचे विषय, संपल्यानंतर मोजतात. अ‍ॅनाटॉमी-फिजिऑलॉजीचे दोन भाग लॅबसकट, मायक्रोबायॉलॉजी, केमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स, मानवी विकासाचं मानसशास्त्र, बऱ्याच ठिकाणी न्यूट्रिशन. तुम्हाला यातलं बहुतेक सगळं नव्याने करावं लागेल. भारतातल्या गुणपत्रिकांचं विषयवार मूल्यांकन आधी करून घ्या. स्टॅटिस्टिक्स किंवा केमिस्ट्री त्यातून सुटलं तर तेवढाच वेळ वाचेल, पण सायन्सचे विषय ठरावीक वर्षांपेक्षा जुने असतील तर अनेक कॉलेजं धरत नाहीत. बरीच कॉलेजं टीस किंवा हेसी ही प्रवेशपरीक्षाही मागतात.

एकदा कोर्स सुरू झाला की नोकरी विसरा. आमच्यातल्या ज्यांनी अर्धवेळ काम चालू ठेवलं होतं, त्यांनी ते एकेक करून सोडलं.

सुरंगी:
मोगरा, तुला अगं-तुगं करते, वयाने मोठी आहे. मी एडीएन करून नर्स झाले, कार्डिअ‍ॅक टेलिमेट्रीच्या, म्हणजे हृदयाचे ठोके सतत मॉनिटरवर बघण्याच्या, फ्लोअरवर आहे, बीएसएन नोकरी करता करता केलं.

खाली उतरण्याचा विचार आधी डोक्यातून काढ. एडीएन असो वा बीएसएन, लायसन्सची परीक्षा एकच: एनक्लेक्स-आरएन (आरएन म्हणजे रजिस्टर्ड नर्स). तीच कॉम्प्युटरवरची परीक्षा, कमीत कमी 85 आणि जास्तीत जास्त 150 प्रश्न, पाच तास. पास झालीस की दोघींच्या नावापुढे आरएनच लागतं. पेशंटला हार्ट ब्लॉक झाला तर तुझी पदवी कोणी विचारत नाही.

फरक पडतो तो नोकरी मिळवताना. मॅग्नेट दर्जाची (चांगल्या नर्सिंगसाठी मान्यता मिळालेली) आणि मोठी टीचिंग हॉस्पिटलं नव्या मुलींमध्ये बीएसएनवाल्यांना आधी घेतात. न्यूयॉर्क राज्यात तर 2017 च्या कायद्याने एडीएनवाल्यांना लायसन्स मिळाल्यापासून 10 वर्षांत बीएसएन पूर्ण करावं लागतं. म्हणून तू ज्या भागात राहणार आहेस, तिथल्या हॉस्पिटलांच्या नवीन नर्सेसच्या जाहिराती आजच वाचायला बस. सगळीकडे बीएसएन मागत असतील तर तुझा प्रश्न तिथेच सुटला. नसतील, तर एडीएन करून नोकरीला लाग आणि आरएन-टू-बीएसएन ऑनलाइन कर. त्याची फी पुष्कळ हॉस्पिटलं काही अंशी भरतात.

डायरेक्ट एन्ट्री एमएसएनबद्दल मला काळजी वाटते. मास्टर्स म्हणजे नर्स प्रॅक्टिशनर (पेशंट तपासून औषधं लिहून देऊ शकणारी नर्स), असं समजून लोक मोठं कर्ज काढतात. यातले बरेच प्रोग्रॅम जनरलिस्ट असतात. बाहेर पडल्यावर तू फ्लोअरवरची नवी नर्सच असतेस, माझ्या शेजारी उभी. नर्स प्रॅक्टिशनर व्हायचंच असेल, तर तो ट्रॅक त्या प्रोग्रॅममध्ये आहे का हे स्पष्ट विचार. पैशांचं म्हणशील तर पहिली पदवी झालेल्यांना पेल ग्रँट (सरकारची परत न करायची मदत) मिळत नाही, ती परदेशातली असली तरी. ग्रीन कार्डवर फेडरल कर्ज मात्र मिळू शकतं.

कॉलेज निवडताना दोनच गोष्टींवर अडून बस. स्टेट बोर्डाची मान्यता आणि एसीईएन किंवा सीसीएनई या नर्सिंग शिक्षण तपासणाऱ्या संस्थांपैकी एकीचं अ‍ॅक्रेडिटेशन, ही पहिली. ते नसेल तर पुढच्या शिक्षणाला दारं बंद होऊ शकतात. दुसरी, पहिल्या प्रयत्नात एनक्लेक्स पास होणाऱ्यांचं प्रमाण. राज्यांची बोर्डं कॉलेजवार आकडे जाहीर करतात. त्याबरोबर हेही विचार की प्रवेश घेतलेल्यांपैकी शेवटपर्यंत किती टिकले. नुसतं पासाचं प्रमाण चांगलं दिसतं ते कधी कधी कच्च्या मुलांना आधीच गाळल्यामुळे.

आणि या सगळ्याच्या आधी सीएनए (नर्सिंग असिस्टंटचा कोर्स) कर. फेडरल नियमानुसार किमान 75 तासांचं प्रशिक्षण लागतं, काही राज्यांत जास्त. मग शनिवार-रविवार काम कर. बेडपॅन, अंघोळ, कूस बदलणं, डिमेन्शिया झालेल्या आजींना तिसऱ्यांदा तेच उत्तर तितक्याच मायेने देणं. आजोबांचा श्वास ओळखणाऱ्या त्या नर्सची नजर अशाच कामातून तयार झाली असणार. अंघोळ घालताना तू माणसाला इतक्या जवळून बघतेस की कातडीचा रंग, बोलताना लागणारी धाप, कालच्यापेक्षा आज उठायला लागलेला वेळ, हे सगळं आपोआप मनात नोंदलं जातं. हे काम करून घरी आल्यावरही पुन्हा जावंसं वाटलं, तर फॉर्म भर. बारा तासांच्या शिफ्ट, सुरुवातीला बहुधा रात्रीच्या, सणासुदीच्या दिवशी ड्युटी, हे घरात आताच बोलून घे.

दर्यावर्दी:
एच-4 वर (एच-1बी या कामाच्या व्हिसावरच्या माणसाच्या जोडीदाराचा व्हिसा) असलेल्या वाचकांसाठी थोडं. एच-4 वर शिकता येतं, पण फेडरल कर्ज नाही, आणि ईएडीशिवाय (कामाच्या परवान्याशिवाय) नोकरीही नाही. आरएनच्या साध्या पदासाठी एच-1बी सहसा मिळत नाही, कारण त्या पदाला बॅचलर्सची सक्ती नसते. माझ्या बायकोने म्हणूनच फी भरण्याआधी इमिग्रेशन वकिलाला गाठलं. मोगरा यांना ही अडचण नाही.

मोगरा:
सुरंगीताई, जाहिराती वाचल्या. आमच्या भागात दोन मोठी हॉस्पिटलं बीएसएन मागतात, बाकीची "बीएसएनला प्राधान्य" म्हणतात आणि एडीएनवाल्यांना घेतात. मुलं लहान आहेत आणि नोकरी पूर्ण सोडणं आत्ता शक्य नाही, म्हणून संध्याकाळची बॅच असलेलं एडीएन बघते आहे. पहिल्या सत्राला अ‍ॅनाटॉमी आणि शनिवारचा सीएनए कोर्स. अ‍ॅनाटॉमीची लॅब ऑनलाइन केली तर चालेल का?

सुरंगी:
काही कॉलेजं घेतात, काही मुळीच घेत नाहीत. जिथे जिथे अर्ज करणार आहेस, त्या प्रत्येक ठिकाणी ईमेल करून लेखी उत्तर मागव, मगच नाव नोंदव. जमत असेल तर प्रत्यक्ष लॅबच घे. आणि सीएनएच्या पहिल्या दिवसानंतर इथे लिही, मी वाट बघते.